अशीच दावत

फरीदाचा राग रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचा. ती बंदरावर मासळी घ्यायला आली की विकणाऱ्या बायका आधी कालची सुरमई टोपलीच्या तळाला सारतात आणि मगच "ये गो फरीदा" म्हणून हाक मारतात. एकदा एकीनं बर्फाखालची शिळी मासळी ताजी म्हणून तिच्या गळ्यात मारली होती. फरीदानं ती तशीच उचलली, बाईच्या घरापर्यंत नेली, उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "घे, तुझ्या नवऱ्याला रांधून घाल. जगला तर कळव मला." एवढं बोलून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईकडून कोळंबी घेतली. राग आला, बोलून टाकला, संपला. पोटात दाबून कुजवायचा नाही, ही फरीदाची रीत. मनात एक आणि तोंडात एक असलं माणूस तिला डोळ्यांसमोर नको.

माहेर तिचं मंडणगडाकडचं. तिथून लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा कोवळी पोर होती. हातावरची मेंदी उतरते न उतरते तोच नवरा, इद्रीस, बहारीनला गेला. तिकडच्या बंदरावर तो क्रेन चालवायचा. दोन वर्षांतून एकदा यायचा, पेट्या उघडायचा, साबण आणि अत्तरं वाटायचा, आणि पाहुणा निघावा तसा निघून जायचा. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिचं हगणं-मुतणं, पोराचं आजारपण, पावसाळ्यात उडालेली कौलं, विहिरीचा पंप, सगळं फरीदानं एकटीनं रेटलं. "बाई आहेस की गडी?" असं कोणी कौतुकानं म्हटलं तरी ती खवळायची. "गडी बहारीनला गेलाय, त्याला विचार!"

पोरगा फुजैल मोठा झाला, तर तोही उठून दोहाला गेला, एसी दुरुस्तीच्या कामावर. आता इद्रीस कायमचा घरी आला होता आणि फुजैल दोन वर्षांतून एकदा येत होता. माणूस बदललं, पण घराला एक पुरुष कमीच राहिला. पण एक गोष्ट सांगायला हवी. ह्या घरातून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला फरीदानं रीतीनं पाठवलं. निघण्याआधी न्याज करायची, म्हणजे पिराच्या नावानं जेवण घालायचं, मलिदा करायचा, गोश्त-भात रांधायचा, अख्ख्या आळीला ताटं पाठवायची. घरोघरची म्हातारी माणसं येऊन जाणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणार, दुआ देणार, आणि मग तो उंबरा ओलांडणार. नवऱ्याला पाठवताना ती रडली, पोराला पाठवताना रडली, पण भांडी घासता घासता. माणसं जेवून गेल्यावर.

आता तिच्या जिवाला एकच माणूस चिकटलेलं होतं. नात, तूबा. फुजैलची पोर. बाप दोहाला असताना जन्मली, दादीच्या मांडीवर वाढली. आईपेक्षा दादीच्या हातचं खायची, दादीच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. दुधापेक्षा दुधावरच्या सायीला माणूस जपतं म्हणतात ना, फरीदा तर साय कोणाला बघूही देत नव्हती. मागल्या रजेला फुजैलनं बायको-पोरीच्या व्हिसाचा विषय नुसता काढला, तर हिनं घर डोक्यावर घेतलं. पोरानं शेवटी हात जोडले. "नाय नेत, अम्मी. तिची शाळा हितंच होऊ दे." फरीदानं तो शब्द गाठीला बांधला आणि निवांत झाली.

आणि आता फुजैल पुन्हा रजेवर आला होता.

एका सकाळी सून अमरीन मोबाईल हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. लांज्याच्या दुकानदाराची पोर, बोलायला मऊ, सासूसमोर सहसा मान वर न करणारी. "अम्मी, शनिवारी संध्याकाळी घरी मेक्सिकन पार्टी करू या? यांच्या शाळेतल्या दोस्तांना बोलावू. एकदम झटपट आणि सोपी असते. काय रांधायलाच लागत नाय."

"मेक्सिकन म्हणजे कुठली माणसं ती?"

"अमेरिकेच्या खाली आहे तो देश."

"बरं. आणि त्यांची पार्टी आपल्या घरात कशाला?"

"अशीच," अमरीन म्हणाली.

अशीच! फरीदाच्या हातातला झारा तिथंच थांबला. ह्या आळीत अशीच दावत कोणी करत नाही. पोर जन्मली म्हणून करतात, घराला स्लॅब पडला म्हणून करतात, हजला निघाला म्हणून करतात, मेलेल्याच्या नावानं करतात. चार माणसं बोलवायची म्हणजे त्याला काहीतरी नाव लागतं. पण पोरगा दोन वर्षांनी आलाय, त्याची हौस आहे, आपण कशाला मोडता घाला, म्हणून ती गप्प बसली. फरीदा गप्प बसली, हीच मोठी गोष्ट.

आणि झटपट म्हणजे कसं झटपट, ते ऐका. राजमा आदल्या दिवशी भिजत घाला, मग शिजवा, मग ठेचा. कोंबडी शिजवून तिचे तंतू तंतू सोडवा. दही फडक्यात बांधून टांगा. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरा. तिला म्हणायचं सालसा. "अगो, ही तर कोशिंबीर!" फरीदा म्हणाली, तर अमरीन हसली नुसती. मग ते हिरवं गुळगुळीत फळ, अवाकाडो. मारुती मंदिराजवळच्या दुकानातून फुजैल सोन्यासारखी जपून दोन घेऊन आला. कापलं तर एक आतून दगड, दुसरं काळं पडलेलं. मक्याच्या पिठाच्या पोळ्या थापायला घेतल्या तर त्या तव्यावर जाईपर्यंत फाटायच्या. अमरीन तीन वेळा मोबाईलवरचा व्हिडिओ मागे नेऊन बघून रडकुंडीला आली. "सर तिकडं!" म्हणून फरीदानं त्यात तांदळाचं पीठ मिसळलं, गरम पाण्यानं उकड काढली आणि भाकऱ्या थापायला बसली. सोपी पार्टी सुनेची, आणि कंबर मोडली सासूची. व्हिडिओतली बाई नखं रंगवून बोलत होती, तिच्या घरी भांडी घासायला कोण होतं ते काही ती सांगत नव्हती.

शनिवारी सकाळी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारीण जैबुनबीनं मान वर काढली. नाक तिचं तिखट, आणि कान त्याहून.

"कसली गो दावत, फरीदा? पताका लावतोय तुझा पोरगा."

उभ्या जन्मात ह्या प्रश्नाला फरीदाकडं उत्तर नाही असं झालं नव्हतं. "अशीच," ती म्हणाली.

"अशीच?" जैबुनबी म्हणाली. "फुजैलच्या जाण्याची तर नव्हे ना? मग न्याज कधी? ताट येईल ना आमच्याकडं?"

"येईल, येईल. तू तुझी चूल बघ." फरीदा घरात आली ती धुमसतच. अंगणात खुर्ची टाकून इद्रीस पेपर वाचत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो, ही पार्टी कशाची, तुम्हाला काय ठाऊक हाय?"

"पोरांची हौस असेल," इद्रीस म्हणाला. पेपर खाली घेतला नाही. तीस वर्षं परदेशी राहिलेल्या माणसाचं तोंड बायकोला काय वाचता येणार, म्हणून फरीदानं तो विषय सोडला. चुकलंच तिचं. पेपर हिसकावून घ्यायला हवा होता.

संध्याकाळी अंगणात गर्दी झाली. फुजैलचे शाळासोबती, त्यांच्या बायका, पोरं. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर विकतात तसल्या रुंद काठाच्या गवती टोप्या फुजैलनं आणल्या होत्या, त्या सगळ्यांच्या डोक्यावर. इद्रीसच्या डोक्यावरही एक, आणि तो त्या टोपीखाली ओशाळल्यासारखा बसलेला. तूबाला काजळानं मिशा काढल्या होत्या. आंब्याच्या फांदीला रंगीत कागद चिकटवलेलं एक खोक्याचं गाढव टांगलं होतं, आत चॉकलेटं भरून. काठीनं मारून ते फोडायचं असतं म्हणे. मुक्या जनावराला टांगून मारतात ही कसली मजा, असं फरीदाला वाटलं, पण तूबा आनंदानं नाचत होती, तेव्हा ती काही बोलली नाही.

फरीदा आत चुलीपाशीच होती. भाकऱ्या कमी पडत होत्या. बाहेरून "काकी, अजून!" अशा हाका येत होत्या, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. मेक्सिकोचं नाव, पण फस्त होत होती ती तिचीच भाकरी.

फुजैलचा बाकावरचा सोबती रितेश, त्याची बायको दीपाली रिकामी परात घेऊन आत आली. पोरगी बोलकी, मनानं चांगली. फरीदाच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "काकी, तुमची कमाल आहे हां. माझी सासू असती तर रडून रडून अंथरूण धरलं असतं. आणि तुम्ही हसत भाकऱ्या थापताय."

"रडायचं काय त्यात?"

"नाही, म्हणजे तूबा एवढी लागलेली तुम्हाला. आता घर खायला उठेल ना. पण तिकडची शाळा चांगली आहे म्हणे. आणि पुढच्या आठवड्यात निघायचं म्हणजे अमरीनची पण धावपळच."

फरीदाच्या हातातला गोळा परातीत पडला. दीपालीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं स्वतःचं तोंड पांढरं पडलं. "काकी... तुम्हाला... मला वाटलं..."

"पुढच्या आठवड्यात," फरीदा म्हणाली. "बोल. कोण कोण?"

"तिघंही," दीपाली पुटपुटली. "आम्हाला तर महिन्यापूर्वीच सांगितलं त्यांनी."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती काय असते ते फरीदाला त्या क्षणी कळलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती अंगणात आली. तूबा काठी उचलून त्या गाढवाखाली उभी होती. फरीदानं फुजैलकडं बघितलं नाही, सुनेकडं बघितलं नाही. ती नातीसमोर खाली बसली.

"तूबा, तू खंय जाणार हायस बाळा?"

पोरीनं आधी आईकडं पाहिलं. मग दादीच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली. पण लहान पोराची कुजबुज ती, अख्ख्या अंगणानं ऐकली. "मम्मीनं सांगितलंय दादीला नाय सांगायचं. दादी मग जाऊ द्यायची नाय."

गाणं वाजत होतं ते कोणीतरी बंद केलं. फरीदा उठली.

"शिकवलंत!" ती ओरडली. "माझ्या पोटाशी झोपणाऱ्या पोरीला माझ्याशी खोटं बोलायला शिकवलंत! तुमचा व्हिसा गेला खड्ड्यात, तिकिटं गेली खड्ड्यात, पण हे शिकवलंत? रोज माझ्या मांडीवर बसून जेवत होती ती. रोज! आणि तोंडाला कुलूप लावून बसली होती, पाच वर्षांची पोर!"

"अम्मी, सांगणारच होतो," फुजैल उठला.

"कधी? विमानातून फोन करणार होतास?"

"तू ऐकलं नसतंस..."

"म्हणून मला भाकऱ्या थापायला बसवलंत? माझ्याच हातानं माझ्याच पोरीला वाटेला लावायचं आणि मला पत्ता नाय? अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक! ह्या रितेशला ठाऊक, त्याच्या बायकोला ठाऊक, मेल्या, त्या पताकावाल्यालासुद्धा ठाऊक असेल!"

फुजैलनं डोक्यावरची टोपी काढली. "जाण्याआधी दोस्तांना एकदा बोलवायचं होतं. बिर्याणी केली असती, न्याज केली असती, तर आळीतला प्रत्येक माणूस विचारायला आला असता, कसली दावत म्हणून. ह्या असल्या खाण्याला कोण दावत म्हणणार? कोणी विचारणार नाय असं वाटलं."

म्हणजे त्यासाठी मेक्सिको! कोणाला काही वाटू नये म्हणून. जिथं कोणी डोक्यावर हात ठेवणार नाही, कोणी दुआ देणार नाही, गडग्यापलीकडं ताट जाणार नाही, असं जेवण पोरानं शोधून काढलं होतं. चोर निघतो तसा निघायचा बेत, आणि वर रंगीत पताका.

पाहुणे चुळबुळायला लागले. कोणी बायकोला खूण केली, कोणी पोराची चप्पल शोधायला लागलं. "कोणी हलायचं नाय!" फरीदा गरजली. "माझ्या घरातून अर्धपोटी कोणी गेलेलं नाय, आज पण जायचं नाय. बसा आणि जेवा. मी माझ्या पोराशी बोलतेय, तुमच्याशी नाय." सगळे परत बसले. भरल्या तोंडानं चावायचं कसं ते मात्र कोणाला समजेना.

"आणि तुम्ही," ती नवऱ्याकडं वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

इद्रीसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "होतं."

"होतं!" फरीदाचा आवाज फाटला. "सकाळी पेपरामागं तोंड घालून बसलात तेव्हा पण होतं?"

"फरीदा, तुला सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस त्यांना? खरं सांग."

फरीदा खोटं बोलणारी बाई नव्हती. "नसतं सोडलं," ती म्हणाली. "दारात आडवी पडले असते. पासपोर्ट चुलीत घातले असते. पण ते भांडून तर गेले असते! मला भांडू तरी द्यायचं होतं. पोर नेताय ती नेताय, माझं भांडण पण नेलंत? काय हक्क होता तुम्हाला?" ती अमरीनकडं वळली. "आणि तू! मऊ बोलणारी, खाली मान घालणारी! आता बोल. आता का दातखीळ बसली? चल, भांड माझ्याशी."

अमरीन खांबाला टेकून उभी होती. रडत होती, पण तिनं डोळे पुसले आणि पहिल्यांदा मान वर केली.

"भांडते," ती म्हणाली. "खोटं बोलले ते चुकलं, अम्मी. तूबाला शिकवलं ते तर फार चुकलं, त्याची माफी मागते. पण जाण्याची माफी मागणार नाय. लग्न झाल्यापासून मी नवरा फोनमध्ये बघतेय. ही जन्मली तेव्हा फोनमध्ये. हिला न्यूमोनिया झाला तेव्हा फोनमध्ये. तुम्ही म्हणता, मी तीस वर्षं काढली, तू पण काढशील. तुम्ही रागावर काढलीत, अम्मी. रोज कोणाशी तरी भांडून काढलीत. मला नाय तसं जमायचं. मला राग येत नाय, मला नुसतं रडू येतं. मी मरेन ह्या घरात."

आता ही काय फोडणार, म्हणून फुजैल बायकोच्या पुढं येऊन उभा राहिला. फरीदानं तोंड उघडलं. शब्द तयार होते, जिभेवर होते. पण ते सुनेसाठी नव्हतेच. ती पुन्हा नवऱ्याकडं वळली.

"बहारीनला तुमची कंपनी क्वार्टर देत होती ना? बायको-पोरगा आणा म्हणत होती?"

इद्रीस दचकला. "तुला कोणी सांगितलं?"

"जैबुनच्या नवऱ्यानं, तुमच्याबरोबर तिकडंच होता ना तो. तुम्ही कायमचे घरी आल्यावर. त्याला वाटलं मला ठाऊक असेल. ह्या दीपालीला वाटलं तसंच." तिनं पिठाचे हात ओढणीला पुसले. "फुजैल एवढासा होता तेव्हा. दोन खोल्या, समुद्राच्या बाजूला. खरं का खोटं?"

"खरं," इद्रीस म्हणाला.

"मला कधी विचारलंत? तीस वर्षांत एकदा तरी विचारलंत, येतेस का म्हणून?"

"कसं विचारणार? अम्मा अंथरुणावर होती. तिचं कोण करणार होतं?" आता इद्रीसचाही आवाज चढला, कधी नव्हे तो. "आणि विचारलं असतं तर काय आली असतीस? त्या म्हातारीला तशी टाकून?"

"आले असते!" फरीदा ओरडली. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. "फुजैलला काखेत मारून आले असते. आणि तुमच्या आईला न सांगता आले असते!"